आधी घोडीचे पाय बघू

पडल्यावर लगेच परत घोड्यावर बसवायचं, नाहीतर भीती कायमची बसते, असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. स्वाराचा तोल जाऊन तो पडला असेल तर जरूर बसवा. पण घोडाच पुन्हा पुन्हा ठेचकाळत असेल तर ती भीती नुसती मनात नसते, घोड्याच्या पायातही असते.

नाशिकला गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघालं की द्राक्षबागा लागतात, त्या पट्ट्यात मी घोडेस्वारी शिकवतो. दिवाळीनंतर एक मॅडम आपली घोडी आमच्या पागेत घेऊन आल्या. बँकेत अधिकारी, वय पंचेचाळिशीचं. घोडी काठियावाडी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. नाव काजल. आधी ती दुसऱ्या एका ठिकाणी होती. तिथे पावसाळ्यात एका उतारावर ती पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर बसली आणि मॅडम तिच्या मानेवरून पुढे गेल्या. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हिमतीने पुन्हा बसल्या, तर घोडी पुन्हा अडखळली. या वेळी पडल्या नाहीत, पण तेव्हापासून रिकिबीत पाय घातला की हात थरथरायचे. "तुम्ही घाबरता म्हणून घोडी घाबरते," असं तिथल्या लोकांनी सांगून टाकलं. या वाक्यात थोडं तथ्य असतं, म्हणूनच ते वाईट. ऐकणारा माणूस सगळा दोष मुकाट्याने स्वतःवर घेतो आणि घोड्याचा पाय उचलून बघायचं राहून जातं.

त्या रविवारी मॅडम हेल्मेट घालूनच गाडीतून उतरल्या. म्हणाल्या, "सर, आज बसतेच. मुलगी हसते मला." मी मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या गड्याला, सांगितलं, खोगीर राहू दे, नुसती दोरी लाव. मॅडमचा चेहरा पडला. त्यांना वाटलं मीही त्यांना बाद केलं.

"ती कुठे अडखळते, आठवेल तसं सांगा," मी म्हटलं.

मग त्या जे बोलल्या, तसं वर्णन मी चांगल्या चांगल्या स्वारांकडून ऐकलेलं नाही. मऊ मातीत जवळजवळ नाही, खडी उखडलेल्या रस्त्यावर जास्त. चढाला नाही, उताराला. निघाल्यावर लगेच नाही, थोडी दमल्यावर. आणि बहुतेक वेळा उजवा पुढचा पाय. घाबरलेला माणूस घोड्याचं प्रत्येक पाऊल मोजत असतो. मोतद्दार मात्र ठाम होता. "काही नाही सर, आळशी आहे. एक छडी दिली की पाय उचलेल."

मैदानाच्या कडेला मुरुमाचा एक पट्टा आहे. त्यावर पाणी मारलं, दाताळ्याने सारखा केला आणि काजलला त्यावरून चालवत नेलं. मॅडमना मोबाइलवर बाजूने, जमिनीच्या पातळीवरून व्हिडिओ घ्यायला सांगितला. निरोगी पाय सपाट जमिनीवर टाचेकडून किंवा जवळजवळ सपाट टेकतो. व्हिडिओ सावकाश करून पाहिला तर काजलचा उजवा खूर चवड्यावर टेकत होता, टाच मागाहून. ओल्या मुरुमातही चवड्याचा ठसा खोल, टाचेचा पुसट. टाच दुखते म्हणून ती टाळायची, असा त्याचा साधा अर्थ. चवड्यावर उतरणारा पाय खड्याला अडला की पुढे घसटतो, आणि घोड्याचं 60 टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवरच असतं. उतारावर तर आणखी.

डॉक्टरांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ते आले आणि त्यांनी पायाला हातच लावला नाही. आधी घोडीला अगदी लहान गोलात फिरवलं, मागे चालवलं, चालता चालता शेपूट एका बाजूला ओढून बघितली, डोकं वर धरून उतारावरून नेलं. मज्जातंतूंचा आजार असेल तर घोड्याला आपले पाय कुठे पडतायत हेच नीट कळत नाही. तो वेडेवाकडे पाय टाकतो, ओढलं की झुकतो. "यात नापास झाली असती तर तिच्यावर कोणीच बसायचं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. काजल सरळ होती. सर्रा नको निघायला म्हणून रक्तही घेतलं. त्या आजारात घोडा खंगतो आणि मागचा भाग लुळा पडायला लागतो. पुढे अहवाल चांगला आला. मग त्यांनी खुराचा मोठा चिमटा काढला. उजव्या खुराच्या मागच्या भागावर दाब दिला तशी घोडीने पाय हिसकावून घेतला. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

नालबंद चाचा तोवर येऊन बसले होते. त्यांच्या वडिलांनी पंचवटीतल्या टांग्यांच्या घोड्यांना नाला ठोकल्या. चाचांनी खूर मांडीवर घेतला आणि बोटाने दाखवलं. चवडा वाढून लांब झालेला, टाचा खाली दबून पुढे सरकलेल्या. नाल गणपतीच्या आधीची. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापायचा असतो, कारण खूर महिन्याला सेंटिमीटरच्या आत-बाहेर वाढतच राहतो. दोन मापं मोठे बूट घालून उतार उतरायचा, तसं त्या घोडीचं चाललं होतं. पाय उचलायच्या क्षणी चवडा जमिनीवर रेंगाळतो आणि मागच्या शिरेवर ताण येतो. टाच दुखते ती त्यानेच.

"बाजारात लोक भोवरे बघतात, देवमण शोधतात," चाचा कानस चालवत म्हणाले. "पाय उचलून कोण बघतो?" भोवरा म्हणजे अंगावरच्या केसांचा गोल वळसा, आणि गळ्याखालचा शुभ मानलेला भोवरा तो देवमण. मॅडम ओशाळल्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काजल घेताना त्यांनीही गळ्याखालचा देवमण बघूनच होकार दिला होता. मला भोवऱ्यांची चेष्टा करायची नाही, माझ्या आजोबांचाही त्यावर विश्वास होता. पण भोवरा मानेवर असतो आणि आपण चालतो चार खुरांवर.

चाचांनी चवडा जेवढा बेताने कमी करता येईल तेवढाच केला, नाल थोडी मागे घेऊन ठोकली, पुढची कड गोल केली. एका बैठकीत सगळं सरळ होत नाही. चवड्याची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला वर्षभर लागतं. डॉक्टरांनी काही दिवस विश्रांती सांगितली. पुढे एक्स-रेही काढला, टाचेतलं लहान हाड शाबूत होतं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मी भित्री नव्हते."

"होतात," मी म्हटलं. "पण योग्य गोष्टीला."

त्या खूप हसल्या. घोडी आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

घोडीचा पाय सुधारला म्हणून स्वाराचं अंग लगेच सुधारत नाही. पुढच्या रविवारी त्यांना आमच्या म्हाताऱ्या, शांत घोड्यावर बसवलं, लांब दोरीवर, लगाम हातात न देता. बसल्या बसल्या त्या पुढे वाकल्या, नजर जमिनीवर, गुडघे आवळलेले. असा स्वार पुढच्या पायांवरचं ओझं वाढवतो आणि लगाम आखडून घोड्याची मानही अडकवतो. अडखळल्यावर घोडा सावरतो तो मान पुढे टाकून. म्हणून आम्ही तेवढंच घोटवलं: मी टाळी वाजवली की मागे बसायचं, हात सैल सोडायचे. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला, धरायचंच झालं तर लगाम न ओढता तो धरायचा. पुढे काजलवर बसल्यावर जमिनीवर बांबू ठेवले, सुमारे ऐंशी सेंटिमीटरच्या अंतराने. घोडी पाय उचलून टाकायला शिकते आणि स्वाराने खाली न बघता समोरची द्राक्षाची ओळ बघायची.

एकदा काजलचा खूर बांबूला लागलाच. झोक गेला. मॅडम मागे बसल्या, लगाम बोटांतून सरकू दिला, घोडी दोन पावलांत सावरली. मोतद्दार टाळ्या वाजवायला लागला, त्याला मी गप्प केलं, घोडी बुजते. मॅडमनी आणखी दोन फेऱ्या घातल्या आणि स्वतःच थांबवलं.

आता त्या बागांमधून फिरून येतात. कालव्याकडे जाणारा खडीचा उतार लागला की खाली उतरतात, काजलला हाताने धरून चालत नेतात आणि पुढे सपाटीला पुन्हा बसतात. मोतद्दाराला हे अजून पटत नाही. "सर, त्यांना सांगा ना, आता काही होत नाही." मी सांगत नाही. खूर अजून खालपर्यंत नवा आलेला नाही, आणि त्या उतरताना हात थरथरत नाहीत हे मी बघितलंय. चाचांची पुढची तारीख मात्र त्यांनीच पागेच्या फळ्यावर लिहून ठेवली आहे, लाल खडूने, माझ्या सगळ्या घोड्यांच्या वर.