आमची वाटचाल : डीजेच्या जमान्यात आमचा बेंजो

१९९९ ला उरणमध्ये बेंजो पार्टी, म्हणजे लग्नाहळदीत वाजवणारा बँड, काढली तेव्हा आमच्याकडं एक बेंजो, ढोलकी, ताशा आणि उधारीचा कर्णा, बस्स. पार्टनर माझा वर्गमित्र, हात इतका हलका की बटणांची खटखट ऐकूच यायची नाही. बेंजो मूळचा जपानचा, १९१२ ला नागोयात निघाला, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तार वाजवायची आयडिया तिकडचीच, पण त्याला तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारा पिकअप लावून हळदीच्या मांडवात आणला तो आपल्या पोरांनी, आणि हे कोणी लिहून ठेवत नाही याचं वाईट वाटतं.

पुढं आठ पॅडचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, घेतला, टेम्पो घेतला, बरं चाललं होतं.

२०११ च्या सीझनला एका महिन्यात वाजवायच्या अकरा सुपाऱ्या हातातून गेल्या. शेजारच्या गावात एकानं डीजे काढला, दोन माणसं नि लॅपटॉप, आमच्याकडं तेरा पोरांचं जेवण आणि जनरेटर, रेट कसा जमणार? वर माझा ऑक्टोपॅडवाला फोडला. आणि वाजवायचा काय, तर आमच्याच हळदीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेले बेंजोचे पीस, खाली बास टाकून! अजून राग जात नाही. पार्टनर कंटाळून नोकरीला लागला, मी ऑक्टोपॅड विकायला काढला.

तेव्हा करंजाच्या मावशी उभ्या राहिल्या. धाकट्याच्या हळदीला पोरानं डीजे ठरवलेला, मावशी म्हणाल्या, "माझं गुडघं दुखतान ते डीजेला दिसतंय काय?" खरंय ते. आम्ही पाय बघून वाजवतो, म्हाताऱ्या बाया उतरल्या की लय खाली, पोरं घुसली की चढवायची, रंगला तर एकच मुखडा दहा मिनिटं ओढायचा. त्या हळदीतून पुढच्या चार सुपाऱ्या मिळाल्या.

कॅसेट-व्हीसीडीच्या टायमाला गाणं गावोगाव पोचायला सीझन जायचा, आता सकाळी यूट्यूबवर आलं की रात्री नवरदेवाचा मित्र मोबाइल पुढं करतो, हे वाजवा. चाली पण बदलल्या, अंतरे आखूड झाले, नाचायचा तुकडा सुरुवातीलाच येतो, म्हणजे मांडवात आम्ही जे करायचो तेच आता गाणं बनवताना करतात. उद्या एआय चाल काढून देईल, देतोच आहे, पण मुखडा कुठं सोडायचा हे समोर बघणाराच ठरवणार.

नवीन पोरांनो, अर्धे पैसे आधी हातात घ्या, जनरेटरचं डिझेल लग्नघरच्यांकडं ठेवा, रात्री दहाला बंद म्हणजे बंद, वाद घालू नका. खाडीच्या हवेत तारा गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, आणि एक तुटली तर जोडीचीही बदला, नाहीतर सूर बसत नाही.

पुतण्या कंप्युटरवर गाणी करतो. परवा त्यानं माझ्या बेंजोचं एकेक बटण रेकॉर्ड केलं. मी पार्टनरसारखा हलक्या हातानं दाबत होतो तर म्हणाला, काका जोरात दाबा, खटखट येऊ द्या, तिच्याशिवाय बेंजो वाटतच नाही.