काउंट जुळत नाहीये, सर

आमच्या क्वालिटी मीटिंगमध्ये दर महिन्याला तक्ता लागतो: कुठल्या विभागाने किती इन्सिडेंट फॉर्म (चूक किंवा अपघात झाला की भरायचा कागद) भरले. पूर्वी ज्याच्यापुढे शून्य, त्याचं कौतुक व्हायचं. मी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, इन्चार्ज सिस्टर. मला हल्ली शून्य दिसलं की धास्ती वाटते. भरलेल्या वॉर्डात महिनाभर एकही डोस उशिरा गेला नाही, एकाही सॅम्पलवर चुकीचं लेबल लागलं नाही, कुणी बाथरूममध्ये घसरलं नाही? असा वॉर्ड मी तरी पाहिलेला नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. जिथे इन्चार्जशी मोकळेपणाने बोलता येत होतं, तिथेच नोंदी जास्त. म्हणजे तिथे चुका जास्त होत नव्हत्या, उघड होत होत्या. त्यांच्या 1999च्या निबंधानंतर ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ (चूक किंवा शंका बोलून दाखवली तर आपल्याला त्रास होणार नाही हा भरवसा) हा शब्द सगळीकडे पोचला.

आमच्याकडे तो पोस्टर होऊन आला. लिफ्टशेजारी, ‘निर्भयपणे बोला’. आणि इन्सिडेंट फॉर्मवर अगदी वरचा रकाना: ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव’. नाव लिहिलं की दोन दिवसांत मेमो. कोण भरेल? पोस्टर एका दुपारीत लागलं. तो रकाना काढून घ्यायला किती मीटिंगा गेल्या ते विचारू नका.

ओटीत कसं चालतं ते सांगते. पोटाच्या ऑपरेशनला मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे, पाच-पाचच्या गठ्ठ्याने घेतात. स्क्रब सिस्टर (टेबलाशी सर्जनला हत्यारं देणारी) एकेक सुटा करून मोठ्याने मोजते, फ्लोअरवरची सिस्टर फळ्यावर आकडा लिहिते. पोट शिवण्याआधी बादलीतले, ट्रॉलीवरचे आणि टेबलावरचे मिळून तोच आकडा यावा लागतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. केस लांबली होती, ऑपरेशन करणारे सर दमले होते, पुढचा पेशंट बाहेर ट्रॉलीवर होता. सरांनी पोट शिवायला नीडल होल्डर मागितला आणि फ्लोअरवरची नवी मुलगी म्हणाली, “सर, काउंट जुळत नाहीये. एक मॉप कमी आहे.” आवाज इतका बारीक की मास्कमधून जेमतेम ऐकू आला. ओटीत सगळे गप्प. अशा वेळी ‘नीट मोज’ हे दोन शब्द ज्या सुरात येतात, तो सूर मी आयुष्यभर ऐकलाय. सरांनी होल्डर खाली ठेवला. “बरं झालं सांगितलंस. मी आत बघतो, तुम्ही बाहेर शोधा.” मॉप सापडला बादलीत, दुसऱ्या रक्ताळलेल्या मॉपला घट्ट चिकटून बसलेला. पोटात काहीच नव्हतं.

म्हणजे मुलीची शंका फुकट गेली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मॉप सापडल्यावरही सर म्हणाले, “पुढच्या वेळीही असंच थांबव.” शंका खरी निघाली तर शाबासकी कुणीही देईल. ती खोटी निघाल्यावर वरचा माणूस काय बोलतो, त्यावर ती मुलगी पुन्हा तोंड उघडेल की नाही ते ठरतं. शिवाय नुसती तीच नाही, तिथे उभे असलेले सगळेच.

इंग्लंडमध्ये 2005 साली एलेन ब्रोमायली ही तरुण आई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली. भूल दिल्यावर श्वासाची नळी जाईना. अनुभवी डॉक्टर तिथे होते, आणि ते नळी घालायचे प्रयत्न करत राहिले. एका नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करण्याचा) सेट आणून ठेवला. दुसरीने फोन करून आयसीयूत बेड सांगितला, पण डॉक्टरांनी ‘एवढं काय झालंय’ अशा नजरेने पाहिल्यावर तो रद्द केला. एलेन काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक. कॉकपिटमध्ये ज्युनियरने कॅप्टनला टोकणं हा कामाचाच भाग मानतात, हे त्याला माहीत होतं. पुढे त्याने याच विषयावर संस्था उभी केली. हे वाचलं तेव्हा माझं लक्ष त्या बेडच्या फोनवरच अडकलं. त्या नर्सला रागावलं कुणी नव्हतं. नुसत्या नजरेने काम झालं.

म्हणून ‘धीट व्हा’ या उपदेशाचा मला कंटाळा आहे. सगळ्यांना धीर कुठून आणायचा? बोलणं कामातच बसवावं. 2008च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जरी चेकलिस्टमध्ये तेच आहे (तिच्यामागचे डॉ. अतुल गवांदे मूळचे विदर्भातल्या घरातले, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते). चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. आम्ही ते खरोखर सुरू केलं तेव्हा कळलं की ओटीतल्या ज्या मदतनिसांना सगळे नुसतं ‘मामा’ म्हणत आले, त्यांचं नाव निम्म्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. एकदा नाव घेऊन झालं की मामाही विचारतात, “सर, एक्स-रे डाव्या पायाचा लावलाय, तो बरोबर ना?” अर्थात संध्याकाळी एकाच पेनाने सगळ्या बरोबरच्या खुणा करणारी ओटीही मी पाहिली आहे. तिथे चेकलिस्ट असून नसल्यासारखी.

नाईटसाठी आम्ही याच विचाराने आकडे लिहून ठेवले. बीपी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), लघवी ठरलेल्या आकड्याखाली गेली की सिस्टरने कन्सल्टंटला फोन करायचाच, आणि ‘उगाच उठवलं’ असं त्यांनी म्हणायचं नाही. एका मोठ्या सरांना हे अजून पटलेलं नाही. फोन मात्र उचलतात.

कंत्राटी लोकांचं कोडं सुटलेलं नाही. त्यांना अकरा महिन्यांचा करार, तोही एजन्सीमार्फत. मी एका ब्रदरला म्हटलं, ऑक्सिजन सिलिंडरचा गेज अडकतो ते फॉर्मवर लिही. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही पर्मनंट आहात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म त्याच्या नावाशिवाय मीच भरला. आता ऑगस्टच्या मीटिंगमध्ये मुद्दा टाकलाय: तक्रार करणाऱ्या कंत्राटी माणसाचा करार थांबवायचा असेल तर एजन्सीने आधी आम्हाला लेखी कारण द्यावं. अकाउंट्सवाले नाही म्हणतील असं दिसतंय.