सोलापूरच्या कोरड्या हवेत शॅमेलिऑनचा जाळीचा पिंजरा: माझा अनुभव

शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, पिंजरा चारही बाजूंनी जाळीचाच हवा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. सल्ला चुकीचा नाही, पण तो दमट हवेच्या किंवा थंड घरांच्या प्रदेशांतून आलेला आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या घरात जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की पिळलेला टॉवेल बघता बघता वाळतो. अशा दिवसांत पूर्ण जाळीचा पिंजरा मी रिकामाच चालवून पाहिला. फवारणीनंतर ७५ टक्क्यांवर गेलेली आर्द्रता वीस मिनिटांत पुन्हा खोलीइतकी, म्हणजे २५ वर आली. उलट काचेची बंद टाकी घ्यावी, तर पावसाळ्यात आत हवा कोंडते, पानं वाळत नाहीत आणि सरड्याला श्वसनाचा संसर्ग होतो. शेवटी मी असं ठरवलं: सांगाडा आणि जाळी कायमची, पण पाठ आणि दोन्ही बाजूंवर सरकवून बसवता-काढता येतील अशा पारदर्शक शीट. दार आणि छत मात्र बाराही महिने जाळीचं.

त्याआधी कायद्याचं सांगतो, कारण ते आधी व्हायला हवं. आपल्याकडे बाभळी-बोरीवर दिसणारा घोयरा हा भारतीय शॅमेलिऑन आहे. तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पावसाळ्यात रस्त्यावर सापडला तर झाडावर सोडून द्यायचा, एवढंच. पाळायचे ते व्हेल्ड शॅमेलिऑन किंवा पँथर शॅमेलिऑनसारखे परदेशी, बंदिस्त पैदाशीचे. तेही आंतरराष्ट्रीय व्यापार करारात, म्हणजे साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. विक्रेता कागद द्यायला का-कू करत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

माझ्याकडे यायचं होतं ते व्हेल्ड जातीचं चार महिन्यांचं पिल्लू. त्याच्यासाठी ४५ × ४५ × ९० सेंटीमीटरचा पिंजरा केला. कार्पेट शॅमेलिऑनसारख्या लहान चणीच्या जातीला हाच आयुष्यभर पुरतो. व्हेल्डचा नर आठ-दहा महिन्यांचा झाला की त्याला ६० × ६० × १२०चा पिंजरा द्यावाच लागतो. लांबी-रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. शॅमेलिऑनला आपल्यापेक्षा वर बसता आलं की तो निवांत राहतो, म्हणून पिंजरा ७५ सेंटीमीटरच्या लोखंडी स्टँडवर ठेवला. वरची फांदी माझ्या डोळ्यांच्या थोडी वर येते.

सांगाडा खिडक्यांचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून पाऊण इंची ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपात करून घेतला. नकाशा देताना दोन गोष्टी ठणकावून सांगाव्या लागल्या. पहिली, दोन्ही बाजूंना तळापासून ३० आणि ६० सेंटीमीटरवर आडव्या पट्ट्या. जाळी वजन पेलत नाही. फांद्या आणि टांगलेल्या कुंड्या या पट्ट्यांनाच अडकवायच्या असतात. सहा इंची कुंडी पाणी घातल्यावर सहज दोन किलोची होते. पट्ट्या नसतील तर महिन्याभरात जाळीला झोळ पडतो आणि कडेचं रबर सुटतं. दुसरी, दाराखाली दहा सेंटीमीटरचा वेगळा उघडणारा झडपवजा भाग. तळाची सफाई करताना मोठं दार उघडावं लागत नाही आणि सरडा बिथरत नाही.

जाळीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. डासांसाठी बसवतात ती फायबरची जाळी स्वस्त आणि दिसायला छान, पण तिच्यात नखं अडकतात आणि सुटलेले क्रिकेट, म्हणजे खाद्य म्हणून द्यायचे रातकिडे, ती कुरतडतात. माझ्या नमुन्याच्या चौकटीला तीन आठवड्यांत भोकं पडली. गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचा जस्ताचा थर ओलाव्याने सुटतो, म्हणून तीही बाद केली. शेवटी बाजूंना आणि दाराला ३०४ ग्रेडची स्टेनलेस स्टीलची जाळी घेतली, इंचाला १४ भोकांची. तिचं भोक दीड मिलिमीटरच्या आसपास येतं, त्यामुळे सेंटीमीटरभराचा क्रिकेट बाहेर पडत नाही. रंग काळाच हवा. चकचकीत जाळी उजेड परावर्तित करते आणि आतलं काही धड दिसत नाही. काळी जाळी, आत भरपूर उजेड आणि खोलीत थोडा कमी, असं असलं की दोन फुटांवरून जाळी जवळजवळ नाहीशी होते. मात्र साधी जाळी आणून पावडर कोटिंग करू नका. बारीक भोकं पावडरीने बुजतात. तयार काळी जाळी मिळते, तीच मागवा. सांगाड्याला पावडर कोटिंग हरकत नाही.

छताची जाळी मुद्दाम वेगळी घेतली: इंचाला आठ भोकं, तार अर्धा मिलिमीटर. कारण हिशोबाचं आहे. चौदाच्या जाळीत मोकळी जागा ६०-६५ टक्के राहते, म्हणजे वर ठेवलेल्या नळीतून येणारा यूव्हीबी (सरड्याच्या हाडांना लागणारे अतिनील किरण) तिसऱ्या हिश्शाहून जास्त तिथेच अडतो. आठच्या जाळीत मोकळी जागा ७० टक्क्यांच्या पुढे जाते. अगदी बारीक किडे त्यातून निसटतात, पण चार महिन्यांच्या पिल्लाला तेवढे बारीक द्यायचे नसतात.

बाजूच्या शीटसाठी ३ मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक घेतलं. सांगाड्याला बाहेरून वर-खाली यू चॅनल लावून त्यात शीट सरकवली. इथे माझी एक चूक झाली. शीट अगदी मापात कापली आणि मार्चच्या उन्हाने ती फुगून मधोमध बाहेर आली. ९० सेंटीमीटरचं ॲक्रिलिक २५ अंशांच्या फरकात दीड मिलिमीटरहून जास्त वाढतं. आता प्रत्येक कडेला २ मिलिमीटर मोकळी सोडतो. सांधे सिलिकॉनने भरले असतील तर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पिंजरा उघडा ठेवायचा.

तळाला माती किंवा नारळाचा भुसा घातला नाही. सरडा क्रिकेट पकडताना जिभेबरोबर भुसाही गिळतो, आणि ओल्या भुशात काय वाढतंय ते दिसत नाही. पांढऱ्या पीव्हीसी शीटचा तळ एका कोपऱ्याकडे सेंटीमीटरभर उतरता ठेवला, तिथे १२ मिलिमीटरचं भोक, खाली नळी आणि बादली. मादी असेल तर एवढ्यावर भागत नाही. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी घालते, अगदी पाच-सहा महिन्यांपासून. तिला ३० सेंटीमीटर खोल डब्यात धुतलेली ओलसर वाळू कायम हवी. बोट खुपसून केलेलं बीळ ढासळलं नाही, म्हणजे ओल बरोबर आहे. जागा नाही मिळाली तर मादी अंडी अडकून मरते.

फांद्यांना पेरूची लाकडं उत्तम: चिवट, फारशी न सोलणारी, हव्या त्या जाडीची. पेन्सिलपासून अंगठ्यापर्यंतची जाडी निवडली, कारण पंजाने फांदीला पूर्ण कवेत घेता आलं पाहिजे. गुळगुळीत बांबूवर पाय घसरतो. कडुनिंबाची फांदी मी घेत नाही. त्यात कीटकनाशक गुण आहे आणि खाद्य किडेच आहेत. आडव्या फांद्या तीन थरांत, प्रत्येक फांदीची दोन्ही टोकं पट्टीला स्क्रूने किंवा केबल टायने पक्की. हलणारी फांदी सरडा टाळतो.

झाडांत शेफलेरा मधे, मनी प्लांट खालपासून वर चढवलेला आणि एक लहान जास्वंद. व्हेल्ड पानं खातो, म्हणून नर्सरीतून आणलेलं प्रत्येक झाड कुंडीतून काढून मुळं धुतली, साध्या मातीत लावलं आणि महिनाभर बाहेर ठेवलं. नर्सरीतल्या फवारणीचं औषध पानांवर असतं आणि कुंडीत खताच्या गोळ्या असतात. मातीवर सरड्याला गिळता येणार नाहीत एवढे मोठे गोटे रचले. कण्हेर, डिफेनबाखिया आणि चीक निघणारं कोणतंही शेराच्या जातीचं झाड पिंजऱ्याजवळही नको.

उजेडाला तीन वेगळ्या गोष्टी लागतात. यूव्हीबीसाठी २४ वॅटची टी५ नळी, ५ किंवा ६ टक्क्यांची. वरची फांदी नळीपासून २० ते २३ सेंटीमीटर खाली. त्याहून जवळ आली तर डोळे आणि कातडी भाजते, ४० सेंटीमीटरवर गेली तर हाडांना पुरेसा यूव्हीबी मिळत नाही. नळी दिसायला चांगली पेटत असली तरी यूव्हीबी उतरत जातो; मी दहा महिन्यांनी बदलतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. झाडांसाठी एक साधी पांढरी एलईडी. आणि उबेसाठी ५० वॅटचा हॅलोजन, डिमरवर. पिल्लाच्या फांदीवर २८-२९ अंश पुरतात, मोठ्या नराला ३०-३१. दिवस बारा तासांचा, रात्री पूर्ण अंधार. लाल किंवा निळा दिवासुद्धा नको.

हॅलोजनमध्ये सर्वांत वाईट अपघात होतो तो छताच्या जाळीशी. शॅमेलिऑन छताला उलटा लटकतो आणि त्याला भाजणारी उष्णता वेळेवर जाणवत नाही. दिवा जाळीवर टेकवून ठेवला की अंग भाजलंच. म्हणून दिवा जाळीच्या दहा सेंटीमीटर वर लटकवला आणि थर्मामीटरचा प्रोब थेट जाळीला बांधून मोजलं. जाळी ४० अंशांच्या पुढे जात असेल तर दिवा आणखी वर घ्यायचा. सोलापुरात मार्चअखेरपासून हा दिवा बंदच राहतो, कारण खोलीच ३२ला पोचलेली असते.

पाण्यासाठी आयात केलेली फवारणी यंत्रणा घ्यायची गरज पडली नाही. आरओ फिल्टरच्या दुकानात मिळणारा २४ व्होल्टचा बूस्टर पंप, पाव इंची नळी, दाबून बसणारे जोड आणि ०.३ मिलिमीटरचे दोन नोझल. पंपाआधी छोटा फिल्टर, नोझलजवळ गळती रोखणारा व्हॉल्व्ह. पाण्याचा कॅन पिंजऱ्याच्या खालीच ठेवायचा. वर ठेवला की पंप बंद असतानाही नोझल ठिबकत राहतात. बाजारातला साधा खटक्यांचा टायमर पंधरा मिनिटांपेक्षा कमी चालत नाही, तेवढ्यात घरात पाणी होतं. मिनिटावर लावता येणारा डिजिटल टायमरच घ्या. माझ्या दोन नोझलमधून मिनिटाला साधारण १२० मिलिलीटर पाणी जातं. पहाटे, दुपारी उशिरा आणि रात्री दिवे बंद झाल्यावर अशी दोन-दोन मिनिटं, म्हणजे दिवसाला पाऊण लीटरच्या आत. ५ लीटरचा कॅन बरोबर आठवडाभर पुरतो, आणि आठवड्याने तो घासून धुवायचाच असतो. पाणी आरओचं. बोअरच्या जड पाण्याने पंधरा दिवसांत नोझल तुंबले आणि पानांवर, शीटवर पांढरे डाग बसले. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे एक भरलेला कॅन नेहमी राखीव असतो.

आता ऋतू. जूनअखेर ते सप्टेंबर दोन्ही बाजूंच्या शीट काढतो, पाठीची ठेवतो. दुपारची फवारणी बंद. दोन फवारण्यांमध्ये पानं पूर्ण वाळलीच पाहिजेत. हिवाळ्यात तिन्ही शीट लावतो. रात्री खोली १६-१७ला उतरली तरी हीटर लावत नाही, हा उतार त्यांना मानवतो. रात्रीचं धुकं सोडणारं यंत्र चालवायचंच असेल तर याच दिवसांत, खोली २० अंशांखाली असताना. मे महिन्यात रात्रीही २७-२८ अंश असतात. उबेत धुकं म्हणजे फुप्फुसाला संसर्ग. हे बरेच जण उलटं करतात.

उन्हाळ्यात तिन्ही शीट, शिवाय छताचा दिव्यांखाली न येणारा तिसरा हिस्सा झाकलेला. खोलीत कूलर. आपल्या कोरड्या हवेत कूलरसारखी सोय नाही, एकाच वेळी तापमान उतरतं आणि ओल वाढते. झोत मात्र पिंजऱ्यावर नको, समोरच्या भिंतीवर वळवायचा. पिंजऱ्यात ३४-३५च्या वर गेलं, सरडा फिकट पडून तोंड उघडून बसला, तर यूव्हीबी नळीही बंद करून हाताने फवारा मारायचा. इन्व्हर्टरवर दिवे नसले तरी चालेल, कूलर हवा.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुताचे तंतू जाळीवर बसतात, ओलाव्याने चिकटतात आणि हवा अडते. दर पंधरवड्याला कोरड्या मऊ ब्रशने आतून बाहेर झाडायचं, मग पुसायचं. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्या क्रिकेटच्या वासाने येतात आणि झोपलेल्या सरड्यालाही चावतात.

सगळं जोडून पिंजरा सात दिवस रिकामा चालवला. वर, मधे आणि तळाशी तापमान, पहाटे आणि दुपारी आर्द्रता, रोज वहीत. पाचव्या दिवशी निचऱ्याची नळी पानाने तुंबलेली सापडली; आत सरडा असता तर तो तळाला साचलेल्या पाण्यात सापडला असता. भोकावर जाळीचा तुकडा लावला.

पिल्लू आत सोडल्यावर पहिले चार दिवस दारावर जुन्या चादरीचा अर्धा पडदा ठेवला आणि खाद्याच्या वाटीपुरताच हात आत घातला. ते दिवसा सतत छताला लटकत राहिलं, तर वरची फांदी कमी उंचीवर आहे किंवा खाली लपायला पानं कमी आहेत. दिवसभर तळाशीच बसलं, तर वर उष्णता जास्त आहे. सकाळी तासभर वरच्या फांदीवर अंग गडद आणि चपटं करून शेकलं आणि मग पानांत दिसेनासं झालं, तर फांद्यांना हात लावू नका.