निळ्या टोपणाची नळी

सुई टोचायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांसाठी सांगलीतल्या एका हॉस्पिटलात मी साडेसहा तास बाकावर बसून होते. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

मला अंडाशयाचा कॅन्सर आहे. पोटाच्या आतल्या अस्तरावर तो पसरला की तिथून पाणी सुटतं आणि साचत जातं. परकराच्या नाडीची गाठ दर आठवड्याला बोटभर पुढं सरकत होती. दोन घास खाल्ले की पोट गच्च. रात्री तीन उशांना टेकून बसल्या बसल्याच डुलक्या काढायच्या. डॉक्टर म्हणाले, "उद्या या, टॅपिंग करून टाकू." टॅपिंग म्हणजे पोटात सुई घालून ते पाणी काढणं. सकाळी तासगावातून निघालो.

नऊ वाजता रक्त घेतलं, प्लेटलेट आणि आयएनआरसाठी. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. केमोनं प्लेटलेट उतरतात, पोटात सुई घालायची तर हे बघायला हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. "तासाभरात रिपोर्ट येतोय मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. साडेदहा झाले. साडेअकरा झाले. दर वेळी तेच, मान वर न करता, "प्रोसेसमधे दाखवतंय."

तो भोकाभोकांचा लोखंडी बाक. पुढं वाकावं तर श्वास पुरत नाही, मागं रेलावं तर बरगड्या ताणतात. त्यात मी सकाळपासून उपाशी, कारण कुणीतरी फोनवर "काही खाऊन येऊ नका" म्हणालं होतं. (नंतर डॉक्टरच म्हणाले, "उपाशी कशाला राहिलात? जागा तेवढी बधिर करायची असते." आता कुणाला विचारू!)

एक वाजता आमचे हे उठले आणि थेट खाली लॅबमध्ये गेले. तिथला पोरगा म्हणाला, "ते सॅम्पल रिजेक्ट झालंय की, सकाळीच. नळी पूर्ण भरली नव्हती."

सकाळीच! म्हणजे तीन तास आम्ही न येणाऱ्या रिपोर्टची वाट बघत होतो. त्या पोरानं समजावून मात्र नीट सांगितलं. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट आधीच मापून घातलेलं असतं. एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. रक्त कमी पडलं की प्रमाण बिघडतं आणि आकडा खोटाच वाढून येतो. म्हणून रेघेपर्यंत भरलेली नसेल तर ते नळी घेतच नाहीत. नियम बरोबर आहे. पण पेशंटला सांगायचं कुणी? लॅब म्हणते, आम्ही कॉम्प्युटरवर टाकलं. वॉर्ड म्हणतो, आम्हाला लॅबचा फोन नाही. काउंटर म्हणतं, आमच्याकडं अजून प्रोसेसमधेच दाखवतंय. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मी बाकावर.

पुन्हा रक्त. केमोनं शिरा बारीक झाल्यात, तिसऱ्या टोचण्याला सापडली. या खेपेला नळीवरनं नजर हलवली नाही. सिस्टर सुई काढायला लागल्या तशी म्हटलं, "थांबा, रेघ अजून लांब आहे." त्या हसल्या. मी नाही हसले.

साडेतीनला आत घेतलं. लघवीला जाऊन यायला सांगितलं, मूत्राशय रिकामं असावं लागतं. सोनोग्राफीवर जागा बघून पेनानं फुली मारली. बधिर करायच्या इंजेक्शनची चुणचुण झाली, मग नुसता दाब. नळीतनं पिवळसर, किंचित लालसर पाणी खालच्या पिशवीत उतरायला लागलं. पहिली पिशवी भरायच्या आत श्वास मोकळा झाला, इतका की मला रडूच आलं. मधेमधे बीपी बघत होते, कारण पाणी भराभर निघालं तर बीपी उतरू शकतं. एकूण 4 लिटर 800 मिली निघालं. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावरही जवळजवळ तेवढंच कमी.

आठवेल तसं सांगते. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. टेबलावरनं एकदम उठू नका. टोचलेल्या जागेतनं माझं दोन दिवस पाणी पाझरत होतं, त्याच्या विरुद्ध कुशीवर झोपले आणि जाड पॅड लावला, थांबलं. ताप आला किंवा पोट दुखायला लागलं तर मात्र फोन करायचा. शेजारणी म्हणाल्या मीठ बंद कर. डॉक्टर म्हणाले, तुमच्या प्रकारच्या पाण्याला त्यानं फारसा फरक पडत नाही, जे गोड लागेल ते खा. सुई घातली की कॅन्सर पसरतो असंही कुणीतरी घरी येऊन सांगून गेलं. चहा देऊन बोळवण केली. सैल नाडीचा परकर न्या, हे आधी लिहायला हवं होतं.

पाणी पुन्हा भरतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वरचेवर भरायला लागलं तर पोटात नळी कायमची बसवून घरीच काढता येतं म्हणे. माझं एकोणीस दिवसांनी भरलं. या वेळी आदल्या दिवशी तासगावातच रक्त दिलं, रेघेवर लक्ष ठेवून. सकाळी पोहे खाऊन निघालो. काउंटरवर तीच मुलगी.

"मावशी, आयएनआर करायला लागतंय, तासाभरात येतंय."

मी पिशवीतनं कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं मान वर केली.