आमची वाटचाल : रूम लाइटच्या कामावर उभं राहिलेलं दुकान

बेळगावात गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणारे तेव्हाही कमी नव्हते. डायनॅमो, स्टार्टर, हेडलाइट, म्हणजे ज्यात पैसा ते काम सगळ्यांनाच हवं असायचं. गाडीतला आतला दिवा, म्हणजे रूम लाइट, लागत नाही म्हणून आलेल्याला मात्र "उद्या बघू" म्हणून वाटेला लावत. आम्ही दोघा भावांनी खानापूर रोडला पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा मोठी कामं आमच्याकडे येणार नव्हतीच. हे उद्यावर ढकललेलं काम आम्ही घेऊ लागलो.

जमाना ओम्नीचा. 1984 ला आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी झाली आणि 2019 पर्यंत चालली. शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या, सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला निघालेलं अख्खं घर, सगळं तिच्यातच. जांबोटी-कणकुंबीकडच्या गाड्यांचं दुखणं पावसाळा सरला की ठरलेलं: दार उघडलं तरी आत अंधार. गिऱ्हाईक नवा बल्ब घेऊनच यायचं आणि बल्ब बहुतेक वेळा धडधाकट असायचा. या दिव्याला करंट कायम असतो. दाराच्या खांबातलं बटण फक्त अर्थ, म्हणजे मायनसची बाजू, जोडतं, तोही बटणाच्याच स्क्रूमधून बॉडीला. तो स्क्रू गंजला की दिवा बंद. जागा पॉलिश पेपरनं घासायची, थोडं ग्रीस लावायचं, की झालं.

उलटं दुखणं जास्त महाग. बटणाचा रबर फुगून ते पुरतं आत दाबलं गेलं नाही, तर दार लावूनही दिवा जळत राहतो. दहा वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पाऊण अँपिअरहून थोडं जास्तच खातो. बॅटरी 35 अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर साधारण 35 तास पुरवणारी, आणि धडधाकट असली तरी शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी सेल्फ घेत नाही. मग माणूस नवी बॅटरी घालतो, आणि तीही उतरते.

दिवा नाही आणि टेपचं घड्याळही दर वेळी विसरतंय म्हटलं, की आम्ही आधी फ्यूज काढतो. बऱ्याच गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो, आणि तो उडवणारा बहुधा टेप बसवणाराच.

भावाचा एक हट्ट आहे, शिकाऊ पोरांनी मीटरवर विसंबायचं नाही. मागच्या दाराची वायर जिथे रबरी नळीतून वळते, तिथे ती उघड-झाक होऊन आतून तुटते. एखादा धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः काही ओढतच नाही. टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी जोडलेला साधा बल्ब, लावला की तो मिणमिणतो आणि खरं काय ते कळतं.

पैशाचं गणित जमायला वेळ लागला. वीस रुपयांच्या बल्बच्या गाडीला तासभर शोधाशोध, मग मागायचं काय? शेवटी बल्बचे वेगळे आणि दोष शोधायचे वेगळे, असा फलकच लावला, कन्नडमध्ये आणि मराठीत. चार दिवस कटकट झाली, पण इथले केए-22 वाले काय आणि कोल्हापूरचे एमएच-09 वाले काय, पैसे देऊ लागले. शाळेच्या व्हॅनवाल्यांची उधारी मात्र अजून जूनपासून मार्चपर्यंत चालते. त्यावर फलक चालत नाही.

2005 ला इनोव्हा आली, 2012 ला अर्टिगा, आणि काम हळूहळू बदललं. नव्या गाड्यांत दिवा कधी विझवायचा ते कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतं. "आपोआप बंद होतो" ही तक्रार म्हणजे कित्येकदा बॅटरी वाचवायची सोयच असते. ते समजावून सांगतो आणि पैसे घेत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला भाडी मारणारे एलईडी घालून आणतात. लागत नसेल तर आधी तो काढून उलटा बसवून बघायचा, एलईडीला प्लस-मायनस कळतो. बंद करूनही अंधुक जळत असेल, तर कुठून तरी थोडा करंट झिरपतोय. जुना बल्ब एवढ्याशा करंटवर पेटत नव्हता म्हणून तो कधी कुणाला दिसला नाही.

आता तरुण पोरांना छतभर निळ्या पट्ट्या हव्या असतात. लावून देतो, पण रूम लाइटच्या वायरला टाका मारून नाही. वेगळी वायर, वेगळा फ्यूज. नको असेल तर पलीकडे पुष्कळ दुकानं आहेत.