परवाना बंदुकीच्या गाठोड्यात

2024 च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि आमच्या ठाण्यात परवानाधारकांना नोटिसा वाटायचं काम सुरू झालं. कुणाचं हत्यार जमा करून घ्यायचं आणि कुणाला सूट द्यायची, हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. आम्ही नोटीस बजावायची, हत्यार जमा करून घ्यायचं, पावती द्यायची. सिंधुदुर्गात हा विषय शेतकऱ्याचा आहे. माकडं, रानडुकरं आणि गवे यांच्यापासून शेती-बागायत राखण्यासाठी दिलेल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका इथे गावोगाव आहेत. निवडणूक नेमकी भातकापणीच्या दिवसांत आलेली. बंदूक ठाण्यात गेली की शेतकऱ्याने रात्रभर शेतात डबे वाजवत बसायचं. त्यांची तक्रार खरी आहे, आणि नोटीस घेऊन दारात उभं राहिल्यावर ती मान खाली घालून ऐकावी लागते.

मी मूळचा घाटावरचा, इथे उपनिरीक्षक म्हणून बदलून आलेला. त्याच दिवसांत एका रात्री नाकाबंदीला माझ्यासोबत एक जुने हवालदार आणि रायफलधारी तरुण शिपाई होता. गोवा जवळ असल्यामुळे इथल्या नाक्यावर सगळ्यांचं लक्ष दारूच्या खोक्यांवर असतं. साडेदहाच्या सुमाराला एक जुनी ओम्नी आली. आत तिशीतला एकटा माणूस. हवालदारांनी मागच्या सीटवर बॅटरी मारली. गोधडीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं.

"काय आहे ते?"

"बंदूक. बापाशीची."

"परवाना?"

"लायसन आसा, दाखयतंय," असं म्हणत तो मागे वळला आणि दोन सीटांच्या मधून वाकून त्याने ते गाठोडंच ओढायला घेतलं. गोधडी सुटली आणि नळीचं तोंड खिडकीशी उभ्या हवालदारांच्या बाजूला आलं. शिपायाची रायफल खांद्याला लागली.

मी ओरडलो, "कुणी हलायचं नाही! तू गाठोडं सोड. दोन्ही हात वर, मला दिसू देत."

त्याने सोडलं. हात वर घेतले तेव्हा त्याची बोटं थरथरत होती. मी दुसऱ्या बाजूने दार उघडून त्याला खाली घेतलं, गाडीपासून दूर उभं केलं आणि मग विचारलं, "परवाना आहे कुठे?"

"त्या गोधडीतच, साहेब. बंदुकीबरोबर बांधलेलो."

सगळा घोळ एवढाच होता. परवाना मागितला आणि तो बंदुकीला बांधलेला. म्हणजे पोलिसाचं ऐकायचं तर बंदुकीलाच हात घालावा लागणार. त्या माणसाने सांगितलं तेच केलं. शिपायानेही, नळी सहकाऱ्याच्या छातीकडे वळल्यावर जे शिकवलेलं असतं, तेच केलं. दोघांचंही चुकलं नव्हतं, आणि तरी एका चापावर सगळं येऊन ठेपलं होतं. नोकरीत मारामाऱ्या, दंगली पाहिल्या आहेत. पण इतक्या सरळ माणसाच्या इतक्या सरळ कृतीने माझ्या पोटात असा गोळा कधी आला नव्हता.

बंदूक मीच बाहेर काढली. बारा बोअरची एकनळी. तोंड जमिनीकडे ठेवून कळ दाबली, मोडली, म्हणजे मधून उघडली. आत काडतूस नव्हतं. आता दुसरा संशय. शेतीसंरक्षणाची बंदूक रात्री रस्त्यावर दिसली की पहिला विचार शिकारीचा येतो. हवालदारांनी नळी गाडीच्या दिव्यापुढे धरली आणि मला बोलावलं. आत गंज होता, आणि तोंडापासून बोटभर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं होतं, अख्खं, कुठेही न फुटलेलं. या नळीतून बऱ्याच दिवसांत गोळी सुटलेली नव्हती. शिकारीचा प्रश्न तिथेच संपला.

मग परवाना वाचला. वाचला म्हणतो, कारण बरेच जण फोटो पाहून परत देतात. त्यात खूप काही असतं: मुदत, युआयएन म्हणजे परवान्याचा देशभरात एकच असलेला क्रमांक, कोणत्या क्षेत्रापुरता परवाना आहे ते, हत्याराचा प्रकार आणि त्याचा नंबर. मुदत शाबूत होती. बंदुकीवरचा नंबर गंजाखाली गेला होता. फडक्याला डिझेल लावून घासल्यावर आकडे दिसले, ते जुळले. फोटो मात्र सत्तरीपुढच्या म्हाताऱ्याचा.

म्हातारा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. मुलगा मुंबईत कामाला. जमा करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि त्याला पहाटेची गाडी धरायची होती, म्हणून शेजाऱ्याची ओम्नी मागून रात्रीच ठाण्याकडे निघाला होता.

हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, परवाना बापाचा, बंदूक पोराच्या ताब्यात. पंचवीसचा गुन्हा सरळ बसतो." शस्त्र कायद्याच्या कलम 25 खाली विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुंबईतली नोकरी जायला तेवढं पुष्कळ होतं.

पण शस्त्र अधिनियम 1959 मध्ये आपल्याला नाक्यावर जो अधिकार दिलाय तो कलम 19 चा, आणि तो पायरीपायरीने चढायचा आहे. हत्यार घेऊन जाणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना दाखवला नाही, किंवा विनापरवाना हत्यार नेण्याचा हक्क असल्याचंही दाखवता आलं नाही, तर नाव-पत्ता विचारायचा आणि गरज वाटली तर हत्यार ताब्यात घ्यायचं. या कलमाखाली विनावॉरंट अटक कधी? नाव-पत्ता सांगायला नकार दिला, खोटा सांगतोय असा संशय आला, किंवा पळून जायच्या बेतात दिसला तर. शिवाय कलम 3 मध्येच एक सवलत आहे. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या वापरासाठी दुसरा माणूस ती बंदूक नेऊ शकतो. त्यात जमा करण्याचा शब्द नाही, आणि याच्याकडे चिठ्ठीही नव्हती. म्हणजे तो पूर्ण कायद्यात बसत नव्हता. पण आमचीच नोटीस पाळायला आमच्याच ठाण्याकडे निघालेल्या माणसाला तिथल्या तिथे आरोपी करणं मला पटेना.

गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. झोपेतून उठून ते म्हाताऱ्याच्या घरी गेले आणि तिथून बोलले. म्हातारा नीट बोलू शकत नव्हता, पण बंदूक मुलाकडे आपणच दिली एवढं त्याने स्पष्ट सांगितलं. मी निरीक्षकसाहेबांना सगळं कळवलं. हत्यार कलम 19 खाली ताब्यात घ्या, पंचनामा करा, म्हाताऱ्याचा जबाब झाल्यावर पुढचं बघू, असा आदेश मिळाला. मोबाइलवर चित्रीकरण करत पंचनामा केला, ठाण्यात येऊन स्टेशन डायरीला नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी हवालदार स्वतः गावात जाऊन अंगठ्यानिशी जबाब घेऊन आले, त्याला नोटिशीची प्रत जोडली. गुन्हा नोंदवण्याचं कारण नाही, असा शेरा साहेबांनी लिहिला. मुलाची पहाटेची गाडी तेवढी चुकली.

तेव्हापासून आमच्या नाक्यावर "परवाना दाखव" हा पहिला प्रश्न नसतो. आधी "हत्यार कुठे आहे?", मग "परवाना कुठे ठेवलाय?", आणि त्यानंतर काय करायचं ते आम्ही सांगतो. नोटीस द्यायला जातो तिथेही मी बसून सांगतो. परवाना शर्टाच्या खिशात ठेवा, बंदुकीला बांधू नका. पोलिसाने अडवलं तर बंदूक कुठे आहे ते तोंडाने सांगा, तिला हात लावू नका, हवी तर तो काढून घेईल. जमा करायला जाताना बंदूक मोडून, रिकामी, बांधून न्या आणि काडतुसं वेगळी ठेवा. धारक आजारी असेल तर आधी ठाण्यात फोन करा, आम्ही माणूस पाठवतो. पोलिसांनी अशी माणसं पाठवलीच पाहिजेत. अंथरुणावरच्या म्हाताऱ्याने बंदूक घेऊन ठाण्यात यावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला आणि पुढे हत्यारं परत द्यायला सुरुवात झाली. तो मुलगा आला तेव्हा म्हाताऱ्याची सही जमेल तशी केलेली चिठ्ठी घेऊन आला होता. त्याला मी शस्त्र नियम 2016 मधला 25 वा नियम दाखवला. धारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार 25 वर्षं बाळगलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तो बराच वेळ विचार करत बसला, कारण मुंबईत राहून गावातली बंदूक बाळगायची कुणी? शेवटी गावातच राहणाऱ्या धाकट्या भावाच्या नावे अर्ज करायचं ठरलं. चौकशी अहवालासाठी तो अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आमच्याकडे आला, आणि तो अहवाल मी केला.