टर्बोचे नट सैल पडतात तेव्हा नेमके काय होते

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांच्या गप्पांत टर्बोचे (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राचे) नट सुटल्याचा विषय निघाला की 'अजून घट्ट आवळा' किंवा 'चांगला लॉक वॉशर (नट फिरू नये म्हणून त्याखाली घालायची चकती) टाका' हे दोन सल्ले हमखास मिळतात. नट फिरूनच सुटला असला पाहिजे, असे या दोन्ही सल्ल्यांत गृहीत धरलेले असते आणि माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. म्हणून नट आवळून झाले की नट, स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या, डोके नसलेल्या आट्यांच्या दांड्याचे) टोक आणि फ्लँज (जोडाची सपाट कडा) या तिघांवरून उष्णता सोसणाऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रंग जळून जाईल अशी शंका असल्यास बारीक छिन्नीचा ओरखडाही चालतो. पुढे कधी फ्लँजच्या कडेला काजळीचा पट्टा दिसला, तर पान्हा लावण्याआधी ती रेघ पाहावी. नटावरची रेघ सरकली असेल तर नट फिरला आहे. नट आणि स्टड यांच्यावरची रेघ जुळते पण फ्लँजवरची जुळत नाही, असे असेल तर स्टडच नटासकट मॅनिफोल्डमधून (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या भागातून) बाहेर येऊ लागला आहे. आणि रेघ जागच्या जागी असूनही नट सैल लागत असेल, तर स्टड कायमचा लांबला आहे किंवा गॅस्केट (दोन फ्लँजमधला गळती रोखणारा पातळ थर) दबून बसले आहे. या शेवटच्या प्रकारात जगातला कोणताही लॉक वॉशर उपयोगाचा नाही, कारण नट फिरलेलाच नसतो.

जोड घट्ट राहतो तो नटामुळे नव्हे, तर ताणलेल्या स्टडमुळे. स्टड हा ताणलेल्या रबरबँडसारखा असतो आणि त्याचा ताण टिकतो तोवरच फ्लँज एकमेकांवर दाबून राहतात. आता हा ताण किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहू. १० मिलिमीटर व्यासाचा स्टड कोरड्या आट्यांवर ४५ न्यूटन-मीटरने आवळला, तर त्यात साधारण २२ किलोन्यूटन ओढ आणि सुमारे ४०० मेगापास्कल ताण निर्माण होतो. नट आणि मॅनिफोल्डमधले आटे यांच्यामधली स्टडची लांबी ३० मिलिमीटर धरली, तर एवढ्या ताणाने स्टड लांबतो फक्त ०.०६ मिलिमीटर. गॅस्केट पहिल्या काही तापण्या-थंडावण्यांत ०.०२ मिलिमीटर दबले, तरी पकडीचा एक तृतीयांश भाग गेला. याउलट लांब स्टड घेऊन नटाखाली जाड भिंतीचे बुश (नळीसारखा तुकडा) घातले आणि ही लांबी ६० मिलिमीटर केली, तर तेवढ्याच दबण्याने फक्त एक षष्ठांश पकड जाते. जागा असेल तिथे हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी केला जातो.

उष्णतेचा हिशेब याहून कठोर आहे. ट्रॅकवर पेट्रोल इंजिनाच्या टर्बाइनकडे (टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चाकाकडे) जाणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि त्याचे हाउसिंग (बाहेरचे कवच) लालबुंद होते. साधे पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते, तर ३०४सारखे स्टेनलेस सुमारे १७. फ्लँज आणि स्टड दोन्ही ६०० अंशांनी तापले, तर ३० मिलिमीटर लांबीत या दोहोंतला फरक ०.०९ मिलिमीटरचा होतो, म्हणजे आवळताना स्टड जेवढा लांबला त्यापेक्षाही जास्त. बिडाच्या फ्लँजला स्टेनलेसचा स्टड लावला, तर तो तापल्यावर फ्लँजपेक्षा जास्त वाढतो आणि ऐन शर्यतीत पकड सोडतो. स्टेनलेसच्या फ्लँजला साध्या पोलादाचा स्टड लावला, तर फ्लँज त्याला ओढून कायमचा लांब करते आणि गाडी थंड झाल्यावर तो सैल सापडतो. त्यात १०.९ प्रतीच्या (बोल्ट-स्टडसाठीच्या जास्त ताकदीच्या) पोलादाचे टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवण्याची प्रक्रिया) ४२५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर झालेले असल्याने त्यापुढच्या तापमानाला त्याची मूळ ताकद टिकत नाही. इनकोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूचे प्रसरण साधे पोलाद आणि स्टेनलेस यांच्या मधले असते आणि तो साधारण ६५० अंशांपर्यंत आपली ताकद राखतो. माझदा एमएक्स-५ला टर्बो बसवून ट्रॅकवर नेणाऱ्यांमध्ये त्याचे स्टड लोकप्रिय झाले ते याचमुळे. महाग असतात, पण टर्बोचा मुख्य फ्लँज ही काटकसरीची जागा नव्हे.

नट खरोखर फिरत असेल, तर कारण बहुधा आडव्या हालचालीत सापडते. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की जोडातले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. टर्बोचे वजन एकट्या मॅनिफोल्डवर लटकत असते आणि लांब डाऊनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) त्याला तरफेसारखा हलवत राहतो. त्यामुळे डाऊनपाइपमध्ये लवचीक बेलो (घड्यांची नळी) असावी आणि टर्बोला आधाराचा ब्रॅकेट असावा. हा ब्रॅकेट इंजिन ब्लॉकवर बांधावा, गाडीच्या बॉडीवर कधीही नाही, कारण इंजिन आपल्या माउंटवर हलत असते आणि बॉडीला बांधलेला ब्रॅकेट मॅनिफोल्डलाच तडा पाडू शकतो. फ्लँज सपाट आहे की नाही हे स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून पाहावे आणि वाकलेला असल्यास ग्राइंड करून घ्यावा; याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

इतके केल्यावर लॉकिंगचा विचार करावा. नायलॉनचा नट आणि आट्यांना लावायचे चिकट द्रव टर्बाइनच्या बाजूला जळून जातात, आणि स्प्रिंग वॉशर थंड जोडातही आडव्या कंपनापुढे फारसा टिकत नाही. उताराच्या दातांचे जोडीचे वॉशर उत्तम असतात, मात्र साध्या पोलादाचे घेतल्यास उष्णतेने मऊ पडतात, म्हणून तेही निकेल मिश्रधातूचे हवेत. संपूर्ण धातूचा, आटे मुद्दाम किंचित दाबलेला नट किंवा दुमडता येणारा पत्र्याचा टॅब हेही भरवशाचे पर्याय आहेत.

आट्यांना निकेलयुक्त अँटिसीझ (आटे चिकटून बसू नयेत म्हणून लावायचा लेप) जरूर लावावे, पण त्यासोबत टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडाही बदलावा लागतो. घर्षण कमी झाल्यामुळे तेच ४५ न्यूटन-मीटर आता स्टडमध्ये ३० किलोन्यूटनच्या आसपास ओढ निर्माण करतात, आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तसाच वापरला तर स्टड बसवतानाच गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर टर्बो पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच टॉर्क तपासावा. गॅस्केट बसल्याने आलेला सैलपणा एकदा आवळल्यावर थांबतो. तोच स्टड पुन्हा पुन्हा आवळावा लागत असेल, तर तो काढून त्याचे आटे नव्या स्टडच्या आट्यांत आडवे बसवून उजेडासमोर धरावेत. सगळे आटे एकमेकांत नीट बसले, तर दोष दुसरीकडे शोधावा; काही आट्यांनंतर फट दिसू लागली, तर स्टड लांबला आहे आणि त्या फ्लँजचे सगळे स्टड एकदमच बदलावेत, कारण उरलेल्यांनीही तीच उष्णता सोसलेली असते.